हातमोज्यांच्या जागी पायमोजे

समोरच्या माणसाला थंडी वाजते आहे की नाही, हे ठरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मला तो कुणी दिलेला नव्हता. आमच्या ऑफिसातल्या कॅनेडियन मॅडमनाही दिलेला नव्हता. तरी गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी तो वापरला, एकाच माणसावर वापरला, आणि भोगावं त्या माणसाला लागलं.

आमचं ऑफिस मस्कतमध्ये कुरुमला आहे. हॉटेलं आणि इमारती यांची देखभाल करणारी कंपनी: पाणी, वीज, एसी. मी तिथे कागदपत्रं सांभाळते. कुठल्या जागी काय दुरुस्त झालं याचे अहवाल माझ्याकडे येतात, मी ते तपासते, नंबर घालते आणि पुढे पाठवते. मॅडम त्या सगळ्या कामांच्या प्रमुख. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, त्यांचाच तसा आग्रह होता. इथे नाव लिहायचं नाही म्हणून मॅडम म्हणते. त्या मॅनिटोबाच्या. नकाशात शोधलंत तर कॅनडाच्या बरोबर मध्यावर सापडेल. उत्तरेचा गोठलेला उपसागर सोडला तर समुद्र सगळ्या बाजूंनी लांब, आणि हिवाळा सहा महिने.

त्यांच्या केबिनमधला एसी जानेवारीतही अठरावर असायचा. केबिनला दार नव्हतं, त्यामुळे ती थंडी आमच्या सगळ्यांच्या वाट्याला यायची. मी स्वेटर घालून बसायचे. मी कोकणातली, आमच्याकडे पारा वीसवर आला की लोक अंगणात शेकोटी पेटवतात. मॅडम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून माझ्या टेबलाशी यायच्या आणि म्हणायच्या, "आज काय, हिमवादळ आलं का?" मी हसायचे. हसताना एकदा माझं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत काटा आला होता. आपल्या देशाचा आब राखायचा म्हणून माणसं काय काय सोसतात, एवढंच मनात आलं.

मस्कतमध्ये मॅडमच्या ओळखीचे चारपाच कॅनेडियन होते. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी ते कुरुमच्या किनाऱ्यावर पोहायला जमायचे. एकदा त्यांनी मलाही नेलं. हवा एकोणीस अंश. वाळूवर फिरायला आलेली इतर माणसं जाकिटात, शालीत, लहान मुलं कानटोप्यांत, आणि हे पाच जण पोहायच्या कपड्यांत पाण्यात. बाहेर आल्यावर गप्पा सुरू झाल्या. आमच्या गावात सापांच्या गोष्टी सांगतात तशा हे थंडीच्या गोष्टी सांगत होते. एकाने सांगावं की उणे तीसमध्ये नाकातले केस गोठतात, तर दुसऱ्याने सांगावं की ते काहीच नाही, आमच्याकडे उणे चाळीसमध्ये रात्रभर गाडीची वायर भिंतीतल्या प्लगात खुपसून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. प्रत्येकाचा साप आधीच्याहून मोठा. मधूनच कुणीतरी हळूच फोन काढून जाकिटवाल्या एखाद्या कुटुंबाचा फोटो घ्यायचं, आणि सगळे त्यावर डोकी जुळवून हसायचे.

त्यांच्या हसण्यात विखार नव्हता. मी शोधत होते, कारण विखार शोधायची मला लहानपणापासून सवय आहे, पण सापडला नाही. परमुलखात या माणसांपाशी हक्काची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे थंडी. एकोणीस अंशात कुणी कुडकुडलं की त्यांना ती आपल्या मालावर दुसऱ्याने सांगितलेली मालकी वाटायची. "ही काय थंडी आहे?" हे वाक्य मी त्या सकाळी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मलाही स्वेटर काढावासा वाटला.

ऑफिसात मॅडमनी एक फळा लावला होता, बुचाचा, टाचण्या टोचायचा. डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, अर्थ साधारण 'मस्कतचा कडाका'. त्यावर फोटो. आमचा ओमानी ड्रायव्हर, हिवाळी करड्या दिशदाशावर, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्यावर, जाड लोकरी शाल डोक्यापासून गुंडाळलेला, एक हात गरम चहाच्या कागदी पेल्यावर. किनाऱ्यावरच्या दोन बायका, साडीवर स्वेटर आणि पायात बूट. मी स्वतः, कानटोपीतून हेडफोन बाहेर काढलेली. प्रत्येकाखाली त्या दिवसाचं तापमान लिहिलेलं. लोक येता-जाता बघायचे आणि हसायचे. ड्रायव्हर स्वतःच्या फोटोसमोर उभा राहून पाहुण्यांना दाखवायचा, "वाजिद बर्द!" म्हणजे फार थंडी. त्या फळ्यावरचे निदान तीन फोटो मी दिलेले होते, तेही इथे लिहून ठेवते.

आता मिस्त्रींकडे येते.

निझव्याच्या वर डोंगरावर एक हॉटेल आहे. त्याचं प्लंबिंग आमच्याकडे, आणि त्या प्लंबिंगचे मुख्य मिस्त्री आमच्या कोकणातले, पन्नाशी ओलांडलेले. सात वर्षं ते त्याच डोंगरावर होते. गरम पाण्याची लाइन कुठून कुठे जाते, कुठला वॉल्व बंद केला की कुठल्या खोलीचं पाणी जातं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. नकाशे कधीच जुने झाले होते. हॉटेलची माणसंसुद्धा ऑफिसला फोन न करता थेट त्यांनाच हाक मारायची. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय. सुट्टीत मस्कतला आले की ऑफिसात डोकावायचे आणि रुमालात बांधून पुदिना आणायचे. वर कामगारांच्या राहायच्या केबिनच्या मागे त्यांनी वाफा केला होता.

आमच्या कामाचा एक नियम आहे. कुठलंही काम पूर्ण झालं की दोन फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा. त्याशिवाय अहवाल स्वीकारला जात नाही. त्या जानेवारीत गच्चीवरचा एक वॉल्व बदलल्याचा अहवाल माझ्याकडे आला. नंतरच्या फोटोत वॉल्वच्या शेजारी मिस्त्री उभे होते, जोडीदाराने त्यांच्यासकट फोटो टिपला होता. डोक्यावर कानटोपी, तिच्यावर पंचा, कंपनीचं जाकीट, एका हातात पाना. आणि दोन्ही हातांत पायमोजे. तपकिरी, निळ्या पट्ट्यांचे. उजव्या मोज्याला पडलेल्या भोकातून अंगठा बाहेर.

मी तो अहवाल मॅडमना दाखवला, कारण सही त्यांची लागते. मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्यांनी फोटो छापून घेतला, फळ्याच्या मधोमध लावला, आणि खाली ठसठशीत लिहिलं: अधिक सहा. उणे नाही, अधिक.

मीही हसले. चार दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. फळ्याचं त्यांना ड्रायव्हरकडून कळलं होतं.

"बाय, एक काम होता. तो माजो फोटो काढ थयसून."

मला वाटलं, त्यांना हसल्याचं लागलंय. मी म्हणाले, "काका, सगळ्यांचेच आहेत तिथे. माझासुद्धा आहे."

"मोज्यांचा काय नाय गो. हसांदेत. पण कोणतरी हात बघतलो." मग आवाज उतरला. "बोटां पांढरी पडतत माजी. दोन वर्सां झाली. थंडीत कळणाच नाय काय धरलंय ता. रबराचे हातमोजे घातले तर पानो सरकता, चामड्याचे ओले झाले तर बर्फ. मोजे सुके रवतत म्हणान घालतंय. कोणी इचारल्यान, डाक्टराकडे धाडल्यान, आणि त्येना 'अनफिट' लिवल्यान, तर खलास. घराक."

"मग औषध घ्यायला नको का?"

"औषध मगे बघूया. माका हय रवाक होया, बाय. ह्या हाटेलातलो एक वॉल्व माका इचारल्याशिवाय बंद होणा नाय. तू नुसतो फोटो काढ. कोणाक सांगा नको."

त्यांचं मागणं एवढंच होतं: त्या डोंगरावर राहायचं होतं, आणि त्यासाठी एक टाचणी काढायची होती. मी पत्रक काढलं.

याचं कारण सांगितलं पाहिजे. माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून पोट चालायचं, आणि उरलेल्या वेळात पत्रकं. अंगणवाडीताईंची, खाणीला विरोध करणाऱ्यांची, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी भांडणाऱ्यांची. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या कच्च्या प्रतींवर. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांच्या घड्या घालत मोठी झाले. वडिलांचा नियम होता: पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला प्रश्न विचारायचा, शेवटच्या ओळीत त्याला काम सांगायचं, आणि मध्ये रडायचं नाही. अन्याय दिसला की गप्प राहणारा त्यात सामील असतो, असं आमच्या घरी मानत. मी ओमानला निघाले तेव्हा आई बॅग भरताना म्हणाली होती, "तिकडे पत्रकं-बित्रकं काढू नकोस हां बाई." मी हो म्हटलं होतं.

तर फोन ठेवल्यावर मला दिसलं ते असं: खाली अठरा अंशांच्या एसीत बसून हसणारे, आणि वर सहा अंशांत पायमोज्यांत हात घालून पाना फिरवणारा. हे चित्र आयतं पत्रकाचं होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी ते फोनवरच लिहिलं, मराठीत, आणि खाली चार ओळी इंग्रजीत. मिस्त्रींचा फोटो घातला, डोळ्यांवर काळी पट्टी मारून. नाव लिहिलं नाही. पण बोटं पांढरी पडतात, पकड सुटते, तरी हा माणूस तुमचं गरम पाणी चालू ठेवतो, हे दोन्ही भाषांत लिहिलं. ते वाक्य सगळ्यांत जोरकस होतं. मला ते आवडलंही होतं. मस्कतमधल्या मराठी लोकांच्या एका ग्रुपवर मी ते टाकलं आणि डबा उघडला.

संध्याकाळपर्यंत ते मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून परत आलं. लोकांनी मुठी आवळलेली चित्रं टाकली होती. मला बरं वाटलं.

फळ्यावरचा फोटो मात्र तसाच होता. तो काढायचा मी विसरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा मेल आला. ऑफिसला येणारे मेल आधी माझ्याकडे येतात. त्यात पत्रक जोडलेलं होतं. काळ्या पट्टीने कुणीच फसलं नव्हतं. जाकिटावर कंपनीची खूण होती, मागे त्यांचीच गच्ची होती. मेल छोटा होता. ज्या माणसाच्या बोटांना संवेदना नाही तो आमच्या गच्चीवर, गरम पाण्याच्या लाइनवर, अवजड पाना घेऊन काम करतो असं दिसतं. त्याला या जागेवरून तात्काळ हलवा.

मी तो मेल छापला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. पत्रक मी लिहिलं हेही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. आणि लपवायचं नाही हाही घरचाच नियम.

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी इंग्रजी ओळी दोनदा वाचल्या. मग विचारलं, "पांढरी म्हणजे कुठपर्यंत?"

"म्हणजे?"

"बोटं. पहिल्या पेरापर्यंत की दुसऱ्या?"

मला माहीत नव्हतं. ज्यांच्यावर मी पत्रक काढलं होतं ती बोटं मी पाहिलेली नव्हती.

मॅडम उठल्या, फळ्यापाशी गेल्या, फोटो काढला आणि बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघत राहिल्या. "मी मोजे बघितले," त्या म्हणाल्या. "हात बघितलेच नाहीत." मग ड्रायव्हरला निरोप दिला की उद्या सकाळी सहाला निघायचं.

सकाळी त्या आल्या त्या आम्ही कधी न पाहिलेल्या अवतारात. पातळ लोकरीचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर जाड कोट, पायात बूट, आणि हातात एक पिशवी. ड्रायव्हर शालीतून नुसता बघत राहिला. तो हिंदी बोलतो, इथल्या पुष्कळ ड्रायव्हरांना येते.

"मॅडम, आज तुम भी?" तो म्हणाला. "बोर्ड पे तुम्हारा फोटो कब?"

मी भाषांतर केलं. मॅडमनी त्याला सांगितलं, "आजच काढ." त्याने खरंच काढला.

रस्त्यात त्या थोड्याशाच बोलल्या. आमच्याकडे थंडीला घाबरत नाहीत असं लोकांना वाटतं, त्या म्हणाल्या, पण आम्हाला लहानपणी तीच तर भीती शिकवतात. शाळेच्या मैदानावर मुलं एकमेकांचे चेहरे तपासतात. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका दिसला की ओरडायचं आणि त्या मुलाला आत न्यायचं, कारण ज्याला झालंय त्याला स्वतःला ते कळत नाही. त्याला दुसऱ्याने बघावं लागतं. त्यांच्या आजोबांना डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. "इथे आल्यावर मी ते विसरले," त्या म्हणाल्या. "इथे सगळे मला म्हणतात, तुला काय, तू कॅनडाची. मग स्वेटर घालायचीही चोरी."

मी विचारलं, "मग केबिनमध्ये थंडी वाजायची तुम्हाला?"

"रोज," त्या म्हणाल्या.

निझवा मागे टाकून, चौकीवर गाडी तपासून घेऊन आम्ही वर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. वारा होता. मिस्त्री केबिनच्या दारात उभे होते, त्यांना कुणीतरी कळवलं होतं. मला बघून त्यांनी मान हलवली नाही. मॅडमना मात्र "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

केबिन पत्र्याची. सहा खाटा. खिडकीत उन्हाळ्यासाठी बसवलेला एसी, आणि त्याच्या चारही बाजूंच्या फटींत पुठ्ठे आणि जुने बनियन कोंबलेले. हिटर ठेवायला हॉटेलची परवानगी नव्हती. आग लागेल म्हणून. मॅडमनी दारातच बूट काढले आणि कोट काढून खुंटीवर टांगला. त्यांच्याकडे घरात शिरल्यावर माणूस आधी हेच करतो, हात आपोआप तिकडे जातात. मग त्या खाटेवर बसल्या, चहाचा पेला घेतला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांचे खांदे हळूहळू वर आले. त्यांनी पाय खाटेवर घेतले. शेवटी त्या उठल्या आणि कोट परत अंगावर चढवला, काहीशा गोंधळून, एखाद्या घरात चुकीच्या दाराने शिरल्यासारख्या.

"आमच्याकडे थंडी बाहेर असते," त्या मला म्हणाल्या. "बाहेर उणे तीस असलं तरी घरात आम्ही टी-शर्टवर असतो. मी आयुष्यात कधी थंडीत बसून चहा प्यायले नाही. थंडीत झोपले तर नाहीच."

मी ते मिस्त्रींना मराठीत सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले.

"आता कळला गो. ह्यांच्याकडे थंडीक दाराभायर उभी करतत. आमच्याकडे ती खाटीर येवन निजता."

मॅडमनी त्यांना हात दाखवाल का असं विचारलं. नुसता हात पुढे नाही केला, विचारलं, आणि थांबल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग पंच्यातून दोन्ही हात बाहेर काढून समोर धरले. उजव्या हाताची मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी होती. एका बोटाच्या टोकाला फोड होता, भाजल्याचा.

"हे कशाने?"

"पायपान चटको दिल्यान असतलो," मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळी ग्यासार शेकतंय मी. फोड आता दुसऱ्यांदा. मागच्या म्हयन्यात पण इलेलो."

मी भाषांतर केलं आणि मॅडम जवळजवळ ओरडल्या. बधिर बोट आगीवर कधीच धरायचं नाही. त्याला भाजलेलं कळत नाही. आमच्याकडे हात शेकणं म्हणजे माया. आई मुलाचे हात शेगडीवर धरते. त्यांच्याकडे ते अडाणीपणाचं लक्षण. त्यांनी बादलीत पाणी मागवलं, गरम पाणी बेताबेताने ओतत कोपराने तपासलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं तपासतात तसं, आणि मिस्त्रींचे हात त्यात बुडवले. बोटं आधी निळसर झाली, मग लाल. लाल होताना दुखत असावं, कारण मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. पाच-सात मिनिटं आम्ही तिघं एका प्लास्टिकच्या बादलीभोवती बसून होतो.

नंतर मॅडम हॉटेलच्या माणसांना भेटायला गेल्या. मी आणि मिस्त्री केबिनमागे त्यांच्या वाफ्यापाशी उभे राहिलो. ते हात पुसत होते.

"काका, चुकलं माझं," मी म्हणाले.

"तिना माका फळ्यार लायल्यान," ते म्हणाले, "तू माका कागदार काढलंस. माका इचारल्यान कोणी?"

आवाजात राग नव्हता.

मॅडमनी पुढच्या महिनाभरात जे केलं ते चोख होतं. केबिनमध्ये तेल भरलेले, उघडी तार नसलेले हिटर आले. फटी बुजवल्या गेल्या. ओलं न होणारे हातमोजे आले, बोटं हलतील असे. गच्चीवर जाण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचे हात बघायचे, असा नियम झाला. तो थेट मॅनिटोबाच्या शाळेच्या मैदानावरून आला होता आणि आता आमच्या सुरक्षेच्या अर्जात सहावा रकाना आहे. डॉक्टरांनी मिस्त्रींच्या बोटांना एक लांबलचक नाव दिलं, पण 'अनफिट' लिहिलं नाही. जपून, उबेत ठेवून काम करू शकतो, असं लिहिलं. म्हणजे हिटर आणि हातमोजे आल्यावर मिस्त्री तिथे राहू शकले असते. मॅडमनी तसं हॉटेलला दोनदा कळवलं. पण हॉटेलच्या फायलीत आता माझं पत्रक होतं. त्यातलं ते जोरकस वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं: पकड सुटते. ज्याच्याबद्दल असं छापून आलंय त्याला परत ठेवला आणि काही झालं तर जबाबदार कोण? त्यांचं उत्तर दोन्ही वेळा एकच.

फेब्रुवारीत मिस्त्रींना खाबुऱ्याला पाठवलं. किनाऱ्यालगत, शेतांच्या कडेला बांधलेले बंगले आहेत, त्यांचे नळ आणि टाक्या. तिथे थंडी नाही. बोटं बरी आहेत. डोंगरावरून अजून कधीमधी त्यांना फोन येतो, अमुक खोलीचा वॉल्व कुठे आहे विचारायला, आणि ते सांगतात.

वडिलांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पण हिटर आले ना पाच जणांना? मग पत्रक लागू पडलं."

"ज्याच्यासाठी काढलं तो गेला ना पण."

ते म्हणाले, "आमच्या मशीनवर फोटो कधी धड उमटायचाच नाही. नुसता काळा डाग यायचा. म्हणून आम्ही फोटो छापत नसू."

मॅडमनी फळा उतरवला. एसी तेवीसवर असतो, आणि त्या स्वेटर घालतात. किनाऱ्यावरच्या मंडळींशी त्यांचा यावरून वाद झाला असं त्यांनी सांगितलं. दोघांना पटलं, दोघांना नाही. त्या अजूनही थंडीच्या गोष्टी सांगतात, उणे चाळीसच्या, गाडीच्या वायरच्या. मला त्या ऐकायला आवडतात. आता त्या गोष्टीत आजोबांची बोटंही येतात.

हे लिहायच्या आधी मी खाबुऱ्याला जाऊन मिस्त्रींना विचारलं. ते एका टाकीवर चढलेले होते. वरूनच म्हणाले, "लिव. पण नाव नको. गाव पण नको. हातांचा लिव." खाली उतरल्यावर त्यांनी फोन काढून मला दाखवला. त्यांच्या पुतण्याने गावाहून एक चित्र पाठवलं होतं. तोच फोटो. काळी पट्टी तेवढी राहिलेली, माझा मजकूर गेलेला, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं: थंडीवर देशी जुगाड! पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पुतण्याने काकाला ओळखलं नव्हतं. मिस्त्रींनीही त्याला सांगितलेलं नाही.

हिवाळा आला की ते चित्र पुन्हा फिरतं. कधी हसण्यासाठी, कधी कामगारांच्या कळवळ्याने. माझं पत्रकही मधूनच कुठून तरी उगवतं. तुमच्या फोनवरही ते येईल, कदाचित येऊन गेलं असेल. गच्चीवरचा वॉल्व, कानटोपीवर पंचा, हातात निळ्या पट्ट्यांचे तपकिरी पायमोजे, उजव्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा. ते सापडलं तर पुढे पाठवू नका, हसत नको आणि हळहळतही नको. पुसून टाका. ज्याने पाठवलं त्यालाही पुसायला सांगा.